स्टोअरबाईंचा बेडूक

स्टोअरबाईंनी एटीव्हीच्या इंजिनावर तळवा टेकवला आणि लगेच मागे घेतला.

"गरम आहे."

"तुमच्यासाठीच चालू करून ठेवली होती, मावशी," पार्कवाला म्हणाला. "बटण दाबा, लगेच घेते की नाही बघा."

"गरम इंजिन कोणाचंही घेतं. थंड होऊ दे. मी थांबते."

पार्कवाल्याने त्यांच्या मुलाकडे पाहिलं. मुलाने खांदे उडवले. आईबरोबर गाडी बघायला तो आला होता खरा, पण ती पसंत पडू नये असंच त्याला मनातून वाटत होतं. 'थांबते' म्हटल्यावर त्याला जरा धीर आला. आई कंटाळेल, घरी जाऊ म्हणेल.

आई कंटाळली नाही. एक पालथी बादली ओढून, दुखरा गुडघा लांब करून ती पत्र्याच्या शेडमध्ये दोन तास बसून राहिली. मुलाने चार वेळा घड्याळ पाहिलं.

हौशी लोकांना उतारावर एटीव्ही, म्हणजे मोटारसायकलसारखी उघडी चारचाकी, चालवायला देणारा हा पार्क बंद पडून वर्ष झालं होतं. सहा गाड्यांपैकी पाच केव्हाच विकल्या गेल्या होत्या. उरली ती ही, सगळ्यांत म्हातारी. वय वीस, हिरवा रंग उडालेला, चार फुगीर चाकांवर बसकण मारलेली.

स्टोअरबाई हे नाव त्यांना बस डेपोने दिलं होतं. एकतीस वर्षं त्या तिथे सुट्या भागांच्या खिडकीमागे बसल्या. नियम एकच होता. जुना भाग जमा केल्याशिवाय नवा द्यायचा नाही. त्यामुळे बसगाड्यांतून मरून निघालेली प्रत्येक वस्तू त्यांच्या हातावरून गेली. बेअरिंग कुठल्या बाजूने खाल्लं गेलंय, रबर उन्हाने तडकलं की ग्रीसवाचून फाटलं, प्लग काळा का पडलाय, हे त्या नुसतं बघून सांगायच्या. गाडीखाली मात्र त्यांना कधी कोणी जाऊ दिलं नाही. "बाई, तुम्ही तुमचं रजिस्टर बघा," एवढंच.

निवृत्त झाल्यावर त्यांनी टेकडीच्या माथ्यावर जमिनीचा एक तुकडा घेतला आणि तिथे मधमाश्यांच्या बारा पेट्या मांडल्या. रोज सकाळी चढायच्या, दुपारी उतरायच्या. या वर्षी मधाने भरलेली चौकट उचलताना पाय घसरला, गुडघा फिरला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. डॉक्टर म्हणाले, "आता पायी टेकडी चढायची नाही." मुलाने हे वाक्य घरी दहा वेळा ऐकवलं. अकराव्या वेळी स्टोअरबाई म्हणाल्या, "पायी चढायची नाही म्हणाले. बसून जायचं नाही, असं कुठे म्हणाले?"

इंजिन गार पडल्यावर पार्कवाल्याने चोक ओढून बटण दाबलं. गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. पुन्हा दाबलं. पुन्हा खोकली.

"हवा जरा थंड आहे आज," तो म्हणाला.

"हवेचं काही नाही. कार्बोरेटर तुंबलाय. वर्षभर टाकीत शिळं पेट्रोल ठेवलंत."

मग त्या उठल्या. एअर फिल्टरच्या डबीचं झाकण काढलं, तर आत काठापर्यंत वाळका चिखल. पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, तर टकटक वाजलं. मागच्या धुरीवरचं रबर फाटून ग्रीस बाहेर आलेलं. प्रत्येक वेळी त्या पार्कवाल्याकडे बघायच्या. शेवटी त्यांनी तेल बघायची पट्टी ओढली, टोकाचं तेल अंगठा आणि बोटात चोळलं, हुंगलं.

"तेल काळं झालंय, पण पाणी नाही त्यात. इंजिन शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाजूने बोलायला एवढंच आहे."

पार्कवाल्याने किंमत निम्म्यावर आणली. स्टोअरबाईंनी पट्टी पुसून जागेवर घातली. तो आणखी थोडा उतरला. त्यांनी कागद मागितले, गाडीच्या चौकटीवरचा नंबर बोटाने एकेक आकडा करून ताडून पाहिला आणि मगच पाकीट उघडलं.

परत येताना मुलगा एवढंच म्हणाला, "बासष्टाव्या वर्षी हे काय खूळ घेतलंस?"

"पंचविशीत घ्यायचं होतं. तेव्हा तू कडेवर होतास."

गाडी टेम्पोत घालून त्यांनी आधी फोरमनच्या गॅरेजवर नेली. फोरमन त्यांच्याच डेपोतून निवृत्त झालेला, जुन्या ओळखीचा. त्याने टेम्पोत डोकावून पाहिलं आणि हसायलाच लागला.

"बाई, हे भंगार आहे. याला हात लावला तर माझ्या गॅरेजचं नाव जाईल."

"चाकाचं बेअरिंग, धुरीचं रबर आणि कार्बोरेटर. तीनच कामं आहेत."

"अहो, तुम्हाला सुट्या भागांची नावं पाठ आहेत. जोडलेली गाडी वेगळी असते. तो तुमचा प्रांत नाही."

स्टोअरबाईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पण आवाज चढला नाही.

"तुम्ही फोडलेले भाग एकतीस वर्षं मीच जमा करून घेतले, फोरमन. कोणी घिसाडघाईने किती फोडले, तेही मला पाठ आहे." आणि टेम्पोवाल्याकडे वळून म्हणाल्या, "चला, घरी घ्या."

घराच्या मागच्या शेडमध्ये गाडी उतरली. शाळेत शिकवून आलेली सून दारात उभी राहून बघत राहिली. "आई, हा बेडूक इथेच बसणार का आता?" तिने विचारलं आणि गाडीला ते नाव चिकटलं. दोन दिवसांनी तिने कुठून तरी या गाडीच्या दुरुस्तीची पुस्तिका शोधून काढली आणि दुकानातून छापून, बांधून आणली. नवऱ्याने डोळे वटारले. "मी काही केलं नाही. कागद आणले," ती म्हणाली.

आठ दिवस स्टोअरबाई शेडमध्ये होत्या. डेपोचा जुना निळा कोट, पायाखाली उशी, शेजारी पुस्तिका. फिल्टरचा स्पंज साबणाने धुऊन वाळवला आणि तेल लावून बसवला. टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं. नव्या बेअरिंगसाठी जुनं हातात घेऊन तीन दुकानं फिरल्या. ते ठोकून बसवताना अंगठ्यावर हातोडी बसली आणि नख काळंनिळं झालं. कार्बोरेटर त्यांनी वर्तमानपत्रावर उघडला. बारीक भोकात डिंकासारखं काहीतरी साचलं होतं. तांब्याच्या वायरीतली एक तार सोडवून त्यांनी ते मोकळं केलं आणि भोकातून पलीकडचा उजेड दिसला, तेव्हा एकट्याच मोठ्याने म्हणाल्या, "हा बघा माझा प्रांत!"

पण त्याच संध्याकाळी घात झाला. कार्बोरेटर बसवताना आतल्या सुईखाली कचऱ्याचा कण राहिला. पेट्रोल थांबेना. त्या चहा प्यायला आत आल्या होत्या, तेवढ्यात शेडभर पेट्रोलचं थारोळं झालं. भिंतीपलीकडे गॅसचा गिझर होता. वास आला तो मुलालाच. त्याने गिझर बंद केला, नळी दाबून धरली, वाळूच्या बादल्या ओतल्या. मग तो ओरडला.

"घर पेटलं असतं, आई! आपण सगळे आत होतो!"

"चूक माझी आहे," स्टोअरबाई म्हणाल्या. "टाकीची तोटी बंद करायला हवी होती. पुन्हा होणार नाही."

"पुन्हा व्हायचा प्रश्नच नाही." त्याने गाडीची किल्ली काढून खिशात घातली. "संपलं हे. पेट्यांना मी गिऱ्हाईक बघितलंय. रविवारी येतील न्यायला."

"माझ्या पेट्या?"

"कोण जाणार आहे तिकडे? महिना झाला, कोणी फिरकलेलं नाही."

"किल्ली दे."

"नाही देणार."

त्या रात्री स्टोअरबाई जेवल्या आणि निमूट झोपल्या. मुलाला वाटलं, पटलं.

सकाळी तो कामावर गेल्यावर त्यांनी आधी ती सुई साफ केली, तोटी उघडून घड्याळ लावून अर्धा तास खाली कोरडा कागद ठेवला. एक थेंब पडला नाही. मग त्या रिक्षा करून बाजारात गेल्या. किल्लीचा स्विच हा भाग सुटा मिळतो आणि नव्या स्विचबरोबर नवी किल्ली येते, हे त्यांना सांगायला कोणाची गरज नव्हती. एकतीस वर्षांत असे कितीतरी त्यांनी स्वतः खिडकीतून दिले होते. घरी येऊन हँडलजवळची गोल नट सोडवला, वायरींचा जोड ओढला, जुना स्विच काढला, नवा खोचला. पंधरा मिनिटांचं काम. बटण दाबलं. बेडूक पहिल्या दमात चालू झाला.

संध्याकाळी मुलगा चप्पल काढत होता. त्यांनी त्याचा हात धरून जुना स्विच तळव्यावर ठेवला.

"हे काय?"

"तुझ्या खिशातल्या किल्लीचं कुलूप. नीट सांभाळ."

सुनेला हसू आवरेना, ती स्वयंपाकघरात पळाली. मुलगा त्या स्विचकडे बघत राहिला. मग चिडून म्हणाला, "एक दिवस पडशील तू!"

"पडेन. मग उचलायला ये. आत्तापासून कशाला उचलून ठेवतोस?"

"आणि त्या गिऱ्हाइकांना काय सांगू?"

"सांग, मालकीण जिवंत आहे."

दुसऱ्या दिवशी सुनेने स्वतःचं हेल्मेट त्यांच्या डोक्यावर बसवलं आणि पट्टा ओढून घट्ट केला. स्टोअरबाई निघाल्या. सपाटीवर बेडूक गुरगुरत, डुलत गेला. चढ लागल्यावर त्यांनी लो गिअर टाकला आणि अंग पुढे झुकवलं. दुसऱ्या वळणावर मोकळ्या खडीत मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, गाडी हातभर मागे सरकली. त्यांनी ब्रेक धरून ठेवला. खाली घरांची छपरं दिसत होती. उतरून गाडी इथेच सोडली असती, तर कोणी काही म्हटलं नसतं. उलट सगळ्यांना बरंच वाटलं असतं. हाच विचार त्यांना सहन होईना. "चल रे," त्या दातांवर दात ठेवून म्हणाल्या आणि हलक्या हाताने गॅस दिला. चाकांनी पकड घेतली.

माथ्यावर पोचून त्यांनी इंजिन बंद केलं. दहा पेट्यांच्या तोंडाशी माश्यांची ये-जा चालू होती. दोन पेट्या गप्प होत्या. त्यांनी पहिलीचं झाकण उघडलं. आत पोळ्यांवर जाळी धरली होती, मेणकिड्याच्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. दुसरीत तेच. कमजोर वसाहत, वर महिनाभर कोणाची नजर नाही. किड्यांना रान मोकळं मिळालं. स्टोअरबाई तिथेच दगडावर बसल्या आणि थोडा वेळ रडल्या. गुडघ्यासाठी त्या रडल्या नव्हत्या.

मग उठून कामाला लागल्या. खराब पोळी काढून जाळून टाकली, उरलेल्या दहा पेट्या एकेक करून उघडून तपासल्या, मेलेल्या दोन पेट्या बेडकाच्या मागच्या कॅरियरला दोरीने करकचून बांधल्या. गुडघा ठणकत होता. उतरताना त्यांनी घाई केली नाही.

फाटकाशी मुलगा उभा होता. तो कामावर गेलाच नव्हता. त्याने मागच्या रिकाम्या पेट्या पाहिल्या.

"गेल्या का?"

"दोन गेल्या."

त्याने त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं. "पाय दुखतोय?"

"दुखतोय. घरी बसूनही दुखतच होता."

त्याने दोर सोडायला हात पुढे केला. त्यांनी सोडू दिला. पेट्या उतरवून त्या दोघांनी उन्हात उलट्या मांडल्या. "जाळायच्या का?" त्याने विचारलं. "नाही. आतून आगीची धग द्यायची, घासायच्या आणि पुन्हा भरायच्या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तेल तपासलं, चारही चाकं हलवून पाहिली आणि नव्या चौकटी कॅरियरला बांधल्या. इंजिनाचा आवाज ऐकून मुलगा दात घासता घासता खिडकीत आला.

"किती वाजता येशील?"

"काम झालं की," स्टोअरबाई म्हणाल्या आणि गिअर टाकला.