बेलगाम रेडिओ आणि कचरूचा उपमा

शंतनूला कुठलंच सरकार नको होतं. दिल्लीचं नको, मुंबईचं नको, महापालिकेचं तर नकोच. दर रविवारी तो हे इंटरनेटवरच्या ‘बेलगाम रेडिओ’वरून सांगायचा. रेडिओ त्याच्या घराच्या वरच्या खोलीत होता, आणि घर मुकुंदवाडी स्टेशनाजवळच्या कॉलनीत. कॉलनीचे अध्यक्ष त्याचे वडील केशवराव. त्या सत्तेचा विषय मात्र रेडिओवर अजून निघाला नव्हता.

रेडिओला मालक नव्हता, संपादक नव्हता. शंतनू आणि त्याचे कॉलेजातले सोबती, मृण्मयी नि हिमांशू, सगळे सारखे. कार्यक्रम ठरवायला सर्वांची संमती लागायची. एकानं जरी ‘नकार’ म्हटलं की विषय बाद. पासवर्ड तेवढा शंतनूकडं, कारण हिमांशू विसरायचा.

ऐकणारे थोडेच. त्यातलेही बरेच जण इंग्रजी स्पेलिंगमुळं बेळगाव समजून आलेले. शंतनू राज्यसंस्थेच्या अंतावर तासभर बोलला, की खाली कुणीतरी लिहायचं, ‘ते ठीक, पण निपाणीचं काय?’

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी करुणा त्यांच्यात आली. रुळांच्या पलीकडच्या बौद्धवस्तीत राहायची, लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्या स्टुडिओत काम करायची. कार्यक्रमाचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, असं तिनं कळवलं आणि तिघांनी तिला लगेच सामील करून घेतलं.

पहिल्याच बैठकीत ती म्हणाली, “टँकर आधी तुमच्या कॉलनीत थांबतो आन् आमच्याकडं नुसता तळ घेऊन येतो. का? त्याच्यावर करू.”

मृण्मयी आणि हिमांशूनं माना डोलावल्या.

“नकार,” शंतनू म्हणाला. “हा विषय शेवटी जातीवर जातो. आपण जात मानत नाही.”

“तू नाय मानत. टँकर मानतो त्याचं काय?”

“शिवाय टँकर मागणं म्हणजे सरकार मान्य करणं.”

तेवढ्यात खालून त्याची आई उमाकाकू ओरडल्या, “शंतनू, टँकर आला रे! पाइप धर!”

शंतनू धावला. हौद भरून, भिजल्या बाह्यांनी वर आला आणि ‘स्वावलंबी समाज’ या विषयावर बोलायला बसला.

पुढच्या रविवारी त्यानं ‘सत्तेची मुळं’ हा विषय मांडला.

“नकार,” करुणा म्हणाली.

हिमांशूनं आपल्या कवितांचा कार्यक्रम सुचवला.

“नकार.”

“अगं, कारण तरी सांग!”

“कारण सांगायला लावणं म्हणजे सत्ता नाय व्हय?”

मृण्मयीला हसू आवरेना. शंतनूनं बहुमताचा नियम आणायचा ठराव मांडला; नकार. करुणाला काढण्याचा मांडला. तिनं त्यालाही नकार दिला आणि वर चहा मागितला. असे कितीतरी रविवार रेडिओ मुका राहिला. शेवटी शंतनू वैतागून म्हणाला, “कर बाई, तुझाच कार्यक्रम कर!”

तिनं केला. वस्तीतल्या गीताबाई रिकामी घागर वाजवून बोलल्या. मग करुणानं टँकरवाल्या कचरूला गाठलं.

“खरं सांगू का ताई,” कचरू म्हणाला, “केशवरावांच्या घरचा उपमा लई झ्याक असतो. तिथं बसलं की उठवतच नाय. आन् तोवर ते पाइप लावून मोकळे.”

करुणा उमाकाकूंकडंही गेली. काकूंनी आधी उपम्याची कृती सांगितली, मग चाचरल्या. “मला वाटायचं, बिचारा उपाशी असतो म्हणून हे त्याला बोलावतात.”

कार्यक्रम रुळांच्या अलीकडं-पलीकडं सगळ्यांनी ऐकला. संध्याकाळी केशवराव वरच्या खोलीत चढून आले.

“तुमचा संपादक कोण?”

“बाबा, आमच्याकडं संपादक नसतो,” शंतनू म्हणाला.

“मग जबाबदार कोण?”

हिमांशू पंख्याकडं बघू लागला. मृण्मयीनं माइकची वायर गुंडाळायला घेतली. शंतनूनं तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं, की या प्रश्नाचं उत्तर आपल्या एकाही कार्यक्रमात नव्हतं.

“मी,” करुणा म्हणाली. “बोला, काका. यातलं खोटं काय?”

केशवराव बराच वेळ आठवत राहिले. खोटं काही सापडेना. “उपमा झ्याक असतो, हे खरं आहे,” एवढं म्हणून ते खाली गेले.

खाली वेगळाच कारभार झाला होता. उमाकाकूंनी कचरूला फाटकातच बजावलं, “आधी पलीकडं जा. परत येताना खा.” त्या दिवसापासून टँकर आधी वस्तीत जाऊ लागला. कॉलनीत पाणी कमी पडलं, तेव्हा केशवरावांनी बैठक बोलावून वस्तीवाल्यांनाही निमंत्रण दिलं. गीताबाई पहिल्या खुर्चीवर बसल्या. भांडण दणक्यात झालं, पण खेपा दोन्हीकडं सारख्या वाटून घ्यायचं ठरलं.

शंतनू आठवडाभर रुसला. मग त्यानं पासवर्ड करुणाच्या हातात दिला. तिनं कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच सांगितलं, “मी करुणा, संपादक. शिव्या द्यायच्या तर मला द्या.” आणि शंतनूला बिडकीनला धाडलं, कारखान्यांसाठी जमिनी गेलेल्यांशी बोलायला.

तो उन्हानं लालबुंद होऊन परतला. रेकॉर्डिंगमध्ये लोक थोडे होते, शंतनूचं भाषण भरपूर होतं आणि मधूनमधून एक गाढव ओरडत होतं. करुणानं लोक ठेवले, गाढवही ठेवलं. भाषण कापलं.

शंतनू जिन्यावर जाऊन बसला. जरा वेळानं दारातून डोकावून त्यानं विचारलं, “पुढच्या खेपेला कुठं जायचं?”