देस्मीताची खोली

आमच्या घराण्याच्या मोठ्या घरात सात खोल्या आहेत. आमच्यात घर लेकींकडे राहतं. लग्न झालेल्या लेकीला एक खोली, आणि तिचा नवरा तिथे रात्री पाहुण्यासारखा येतो. आम्हा भावांना त्या घरात अंथरूण नाही. वयात आलो की नमाजघराच्या पडवीत निजायचो, मग बायकोच्या घरी. माझी बायको गेल्यापासून मी परत त्या पडवीमागच्या खोलीत पुस्तकांसोबत राहतो. तरीही मोठ्या घरात काही ठरायचं असलं की मला बोलावणं येतं, कारण मी मामा आहे.

त्या दिवशी थोरल्या बहिणीची खोली कुणाला द्यायची, हे ठरायचं होतं. बहीण जावानिस चार महिन्यांपूर्वी वारली. तिची मुलगी देस्मीता बेचाळीस वर्षांची, अविवाहित. आईच्या आजारपणात जाकार्ता सोडून आली आणि इथेच राहिली. आईच्या खोलीत तिने शिवणयंत्र मांडलं होतं. पण पुढच्या महिन्यात धाकट्या बहिणीच्या, नुरयानाच्या मुलीचं, रिन्तीचं लग्न होतं. खोली रिन्तीला हवी होती.

दिवाणखान्यात चटयांवर आम्ही पुरुष खिडक्यांकडे पाठ करून बसलो, बायका स्वयंपाकघराच्या बाजूला. कॉफीच्या पानांचा चहा आला. घराण्याचा प्रमुख, म्हणजे आमचा दातुक, बस्रील वयाने माझ्यापेक्षा लहान, नात्याने भाचाच. त्याने विषय काढला, आणि नुरयानाने तो लगेच हातात घेतला.

"देस्मीताने आतल्या मोठ्या खोलीत निजावं, पोरींबरोबर. मीही लग्नाआधी तिथेच निजायचे."

"तू सतरा वर्षांची होतीस, मावशी," देस्मीता म्हणाली. "मला चष्मा लागलाय."

दोन-तीन बायका हसल्या. नुरयाना हसली नाही.

"तुला स्वतंत्र खोली कशाला गं? रात्री दार वाजवायला कोण येणार आहे?"

"कुणीच नाही. म्हणूनच हवी आहे."

"मग शहरात घे. तिथे कुणी विचारत नाही."

"तिथे वीस वर्षं राहिले. शेजारीण मेली तर तीन दिवसांनी वासाने कळलं. मला इथे राहायचं आहे. आणि लग्न करायचं नाही. दोन्ही."

"दोन्ही मिळत नसतं," दातुक शांतपणे म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. हे घर अशाच नियमांवर उभं राहिलं आहे, आणि बिनलग्नाच्या बाईला खोली दिली तर पुढच्या नवऱ्या मुलींना कुठे ठेवायचं, हा प्रश्न खराच होता. आदल्या दिवशी मी कागदावर चार मुद्दे लिहून आणले होते. ते पहिल्या घोटाबरोबरच विसरलो.

आमच्यात मतं मोजत नाहीत. सगळ्यांचं एक झालं की ठरतं, तोवर ठरत नाही. गेली तीस वर्षं मी अशा बैठकांत नुसती मान हलवत आलो. गप्प बसणारा माणूस म्हणजे होकार, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. एकदा अशीच मान हलवून मी देस्मीताचं लग्न तांदळाच्या गिरणीवाल्याशी ठरू दिलं होतं. आठ दिवसांनी ती लग्न न करताच बसमध्ये बसून जाकार्ताला निघून गेली. जावानिसने मला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"मग रिन्तीला खोली," दातुक म्हणाला आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं. "मामा?"

"नाही," मी म्हणालो.

आवाज इतका बारीक निघाला, की नुरयानाने "काय म्हणाला हा?" असं शेजारणीला विचारलं.

"नाही म्हणाला," देस्मीताच म्हणाली.

"कारण सांगा, मामा."

"कारण... मला नीट मांडता येत नाही, दातुक. पण माझा होकार नाही."

"पुस्तकं वाचून वाचून डोकं फिरलंय याचं," नुरयाना म्हणाली. "दादा, रिन्ती तुझी भाची नाही का? तिचा नवरा काय पायरीवर निजणार?"

मी रिन्तीकडे पाहिलं. ती खाली मान घालून चटईची काडी सोलत होती. तिच्याबद्दल मला वाईट वाटलं, आणि तरी मी तेच म्हणालो. "तीही भाचीच आहे. तिच्यासाठी दुसरं काही शोधू. शोधायला मी येईन. पण देस्मीताला बाहेर काढायला माझी मान हलणार नाही."

दुपारची नमाज झाली. जेवणं झाली. परत बसलो. दातुकने परत विचारलं, मी परत नाही म्हणालो. या वेळी आवाज थोडा बरा निघाला. कुणीतरी म्हणालं, मामा थकलेत, त्यांना घरी पोचवा. मी जागचा हललो नाही.

शेवटी दातुकने शुक्रवारी पुन्हा बसायचं सांगितलं. तोवर जे जिथे आहे ते तिथे राहील.

देस्मीता उठली. सगळ्यांसमोरून चालत आईच्या खोलीत गेली आणि भर दुपारी दार लावून घेतलं. थोड्याच वेळात शिवणयंत्राचा आवाज येऊ लागला.

मी जिन्यापाशी चपला शोधत होतो. नुरयाना मागे येऊन उभी राहिली.

"शुक्रवारी तब्येत बरी नसली तर येऊ नकोस हो, दादा. आम्ही समजून घेऊ."

"तब्येत उत्तम आहे," मी म्हणालो. मग चपला पायात घातल्या आणि जिना उतरलो. शुक्रवारी मी पहिला येऊन बसणार आहे.