मी रागावले नाही

लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत जायला एकच अरुंद जिना होता आणि त्या दिवशी त्याच्या प्रत्येक पायरीवर कुणी ना कुणी उभं होतं. प्रत्येकाच्या हातात रुमालात गुंडाळलेला एक फोन. आपल्या घरातल्या, आता नसलेल्या माणसाचा फोन. खालून इस्त्रीची गरम वाफ येत होती. लोक दवाखान्यात बोलतात तसे हळू बोलत होते.

"डोळे मिटून टाइप करतो म्हणे."

"मिटून कसले, पट्टी बांधून. एक अक्षर चुकत नाही."

खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही होता आणि समोरच्या खुर्चीत मांडीवर कीबोर्ड घेऊन निरोपबाबा बसला होता. गेलेल्या माणसाचा शेवटचा निरोप तो बंद फोनमधून काढून देतो, म्हणून हे नाव. त्याच्यासमोर निवृत्त बसड्रायव्हर उभे होते. त्यांचा भाऊ महिन्यापूर्वी गेला होता.

"फोनला पासवर्ड असतो, मनाला नसतो," बाबा म्हणाला. "लोक फोन उघडायला बघतात. मी माणूस उघडतो."

त्याने भावाचं नाव टाकलं, फोन एका वायरला जोडला आणि डोळ्यांवर काळी पट्टी बांधली. मग त्याची बोटं सुटली. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांच्या ओळी धावू लागल्या. कोपऱ्यात 'माग' असं लिहिलेली एक लाल पट्टी हळूहळू भरत होती.

"पलीकडचे पहारेकरी जागे झाले," बाबा पुटपुटला. "त्यांना आपला माग लागतोय. कुणी हलू नका."

कुणी हललं नाही. पडदा एकदम लाल झाला आणि मधोमध दोन शब्द आले : कुलूप रुसलंय.

"कुलूप रुसलंय," बाबाने पट्टी न काढता सांगितलं. "खोलीत कुणाच्या तरी मनात शंका आहे."

हाताची घडी घालून मी एकटीच उभी होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी आत्या तर अशी बघत होती, जणू मी तिला चारचौघांत खाली पाहायला लावलं होतं. मी घडी सोडली, पण ती शरमेने नाही. ते दोन शब्द माझ्या ओळखीचे होते.

बाबाने पुन्हा बोटं चालवली. या वेळी लाल पट्टी भरत आली आणि अगदी टोकाशी थांबली. पडदा शांत हिरवा झाला, त्यावर निरोप उमटला आणि ड्रायव्हरांनी तो अडखळत वाचला. "तुला फोन केला होता. तू उचलला नाहीस. कामात असशील. मी रागावले नाही. जेवून घे."

"आमचा दादा जन्मात मला जेवून घे म्हणाला नव्हता हो," असं म्हणून ते रडायलाच लागले.

मागून कुणीतरी विचारलं, "भाऊ ना? मग 'रागावले' कसं? 'रागावलो' नको?"

"देह गेला की बाई कुठली आणि पुरुष कुठला?" बाबा मंद हसला. "आत्म्याला व्याकरण नसतं. म्हणून तर सगळ्यांचा निरोप एकच येतो."

खोलीतल्या माना समाधानाने हलल्या. निरोप देऊन फोन दमतो, म्हणून त्याला इथेच विसावा द्यायचा असा नियम होता. त्याप्रमाणे ड्रायव्हरांचा फोन रुमालात गुंडाळून फळीवर गेला. तिथे अशी पुष्कळ गाठोडी रांगेने निजली होती.

आत्याला तिचा निरोप आधीच्या खेपेला मिळाला होता. तिचा जीव त्यात अडकला होता म्हणून फोन तेवढा तिने घरी परत आणला होता, आणि आता रविवारी तो द्यायचं कबूल करून आम्ही जिना उतरलो.

आतोबा गेले त्या सकाळी दोघांचं पडद्याच्या दांडीवरून भांडण झालं होतं. दांडी बदलून आणतो म्हणून ते तणतणत बाहेर पडले. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. आत्याने नाव पाहिलं आणि फोन टेबलावर पालथा घातला. ते दुकानाच्या दारात कोसळले होते. फोन कोसळण्याआधी केला की कोसळताना, हे कुणालाच माहीत नाही. त्यानंतर आत्या जेवायला बसायची आणि ताटाकडे बघत राहायची. बाबाचा निरोप मिळाल्यापासून मात्र ती जेवू लागली होती, रात्रीची झोपू लागली होती. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुन्यात दोष दिसला की तो नोंदवायचा, हे मला कधी अवघड गेलेलं नाही. त्या दिवशी गेलं.

घरी धाकटी बहीण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. ती एकटीच संगणकावरचे खेळ बनवते. शेवटचा खेळ होता 'किल्ली'. त्यात आपण हॅकर व्हायचं आणि एका काल्पनिक शहरातली कुलपं उघडायची. फार कुणी तो घेतला नव्हता.

"तुझ्या खेळात कुलूप उघडलं नाही तर काय येतं?" मी विचारलं.

"कुलूप रुसलंय. का गं?"

आमच्या आईचे शब्द. दाराचं कुलूप अडकलं की ती आम्हाला किल्ली पिरगाळू द्यायची नाही. रुसलंय ते, म्हणायची, जरा थांबा.

मी खोलीत पाहिलेलं सांगितलं. धाकटीने लॅपटॉप मिटला.

"कुठलंही बटण दाबलं तरी पुढचं बरोबर अक्षरच उमटतं," ती म्हणाली. "मुद्दाम केलंय तसं. टायपिंग न येणाऱ्यालाही आपण मोठे हॅकर आहोत असं वाटावं म्हणून. डोळे बांधून काय, कोपराने दाबलं तरी चालेल. पहिल्या वेळी कुलूप ठरवून अडतं, दुसऱ्या वेळी ठरवून उघडतं."

"आणि निरोप?"

"खेळाचा शेवट आहे तो. गेलेल्या माणसाचं नाव टाकायचं आणि त्याचा फोन उघडायचा. बरेच निरोप लिहायचे होते. एकच लिहून झाला."

"पुरुषांचा?"

"तो लिहिलाच नाही." ती टेबलावरचा एक डाग नखाने खरवडत राहिली. "मला पुरुषाचा निरोप नकोच होता."

आई गेली तेव्हा धाकटी हाच खेळ बनवत होती. आईचा फोन वाजला होता आणि तिने नंतर करू म्हणून बाजूला ठेवला होता. हे मला माहीत होतं, मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं, आणि आम्ही त्यावर कधीच बोललो नव्हतो. जे ऐकायला मिळालं नाही, ते तिने स्वतःच लिहून ठेवलं होतं. आता ते सगळ्या गल्लीला वाटलं जात होतं, आणि लागू पडत होतं, कारण न उचललेला एखादा फोन प्रत्येकाच्या गाठीला असतोच.

"ताई, आत्याला नको सांगूस," ती म्हणाली. "झोपतेय ना ती?"

"बाबा तिचा फोन ठेवून घेणार आहे."

"ठेवू दे. तसाही उघडत नाही."

"तुझा निरोप तुला पुरला का?" मी विचारलं.

ती उठली आणि चप्पल शोधू लागली. "रविवारी मीपण येते," म्हणाली.

रविवारी आत्याच्या आधी मी नंबर लावला. माझा जुना बंद पडलेला फोन रुमालात गुंडाळून नेला होता.

"कुणाचा?" बाबाने विचारलं.

"माझ्या थोरल्या भावाचा." मी एक खोटं नाव सांगितलं.

पट्टी बांधली गेली, बोटं धावली, कुलूप रुसलं, पहारेकरी जागे झाले, आणि शेवटी पडदा हिरवा झाला. मी मोठ्याने वाचलं. "तुला फोन केला होता. तू उचलला नाहीस. कामात असशील. मी रागावले नाही. जेवून घे."

मागून आत्याचा आवाज आला. "तुला भाऊ कुठाय?"

"नाही."

"मग हा कोण बोलतोय?"

"तेच विचारायचंय, आत्या."

बाबाने पट्टी सावकाश वर केली. "पोटातच गेलेला असेल. आईलाही कळत नाही कधीकधी."

"त्याने फोन कुठून केला मग?" भावाच्या फोनला भेटायला पुन्हा आलेले ड्रायव्हर म्हणाले. कुणीतरी हसू दाबलं.

दाराशी उभी असलेली धाकटी पुढे आली. "हा खेळ आहे. संगणकावरचा. मी बनवलाय. हा निरोपही मीच लिहिलाय."

मला वाटलं, झालं. पण बाबा हात जोडून उभा राहिला. "पाहा," तो लोकांना म्हणाला, "यंत्र बनवणारे हात स्वतःहून दारी आले. पोरी, ते शब्द तुला सुचले कुठून? तू लिहिले नाहीस, तुझ्याकडून लिहवून घेतले."

आणि माना पुन्हा हलल्या. मला ते अजून आठवतं. खरं कारण समोर होतं, आणि लोक ते सोडून कृपेकडे बघत होते.

तेवढ्यात आत्याच्या हातातल्या गाठोड्यातून गाणं वाजू लागलं. सगळे दचकले. बाबाने संधी सोडली नाही. "बोलावतोय. ऐका, तो बोलावतोय तुम्हाला."

"बोलावत नाहीये," आत्या म्हणाली. तिने रुमाल सोडला. कुलूपबंद फोनच्या पडद्यावर दोन शब्द दिसत होते : तिची गोळी. "माझी रक्तदाबाच्या गोळीची वेळ झाली. मी विसरते म्हणून ह्यांनी गजर लावून ठेवलाय. रोज वाजतो."

तिने गजर बंद केला, पर्समधली गोळी काढून पाण्याशिवायच गिळली. मग बाबाकडे नीट पाहिलं, भाजीवाल्याच्या तराजूकडे बघावं तसं.

"ऊठ जरा," ती म्हणाली. "मला बसू दे."

"माई, त्याला साधना लागते."

"बघू किती लागते."

बाबा उठला नाही, तेव्हा ड्रायव्हरांनी कीबोर्ड काढून आत्याच्या हातात दिला. आत्याला टाइप करता येत नाही. धाकटीने नाव टाकून दिलं आणि आत्याने लाटणं फिरवावं तशी दोन्ही मनगटं बटणांवरून फिरवली. हिरव्या ओळी अचूक धावल्या. कुलूप रुसलं. तिने पुन्हा मनगटं फिरवली आणि निरोप आला. तोच. आतोबांच्या नावाने, बाईच्या व्याकरणात.

आत्या तो बराच वेळ वाचत राहिली. मी तिच्याकडे पाहू शकले नाही.

ड्रायव्हर फळीकडे गेले आणि त्यांनी आपलं गाठोडं सोडलं. आत कपडे धुण्याच्या साबणाची वडी होती. दुसऱ्यातही वडी. तिसऱ्यातही. फोन पुसून कधीच विकले गेले होते. त्यांतले फोटो, आवाज, जे काही खरं उरलेलं होतं, तेही गेलं. बाबा पाणी पिऊन येतो म्हणून निघाला, तर जिन्यात लॉन्ड्रीवाला आडवा उभा.

"माझा साबण कुठं जातोय ते आज कळलं," तो म्हणाला. "बस खाली. पोलीस येईपर्यंत इस्त्री बघ."

गर्दी पांगली, पण आनंदाने नाही. जिन्यात कुणी आमचे आभार मानले नाहीत. एक बाई जाताना धाकटीला म्हणाली, "निदान झोप तरी लागत होती." तिला मी काय सांगणार? ही एवढीच गोष्ट सांगू शकते. समोरचा डोळे मिटून काही करून दाखवू लागला की आपण आपले उघडे ठेवावेत. हे कसं होतं, तुझ्याऐवजी मी केलं तर होईल का, खोटं नाव दिलं तर काय येईल, एवढं विचारावं. त्याला विज्ञानाची पदवी लागत नाही. आत्याला लागली नाही. आणि गेलेल्या माणसाची क्षमा कुणालाही आणून देता येत नाही, मग तो पट्टी बांधो की पडदा लावो. जी कुणी आणून देतो ती गेलेल्या माणसाची नसतेच.

खाली लॉन्ड्रीच्या बाकावर आत्या फोन मांडीवर घेऊन बसली होती.

"ते कशाला फोन करत होते, हे आता कळायचं नाही, असंच ना?" तिने मला विचारलं.

"नाही कळायचं."

"हं."

धाकटी तिच्यासमोर जमिनीवर उकिडवी बसली. "आत्या, तुझ्या जिवाशी माझ्या खेळाने खेळ केला. आणि आज होतं तेवढंही मीच काढून घेतलं."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. मशिनं घरघरत होती, वाफ खोलीत भरत होती. तिने पदराने आधी फोनची काच पुसली आणि मग धाकटीचं तोंड.

"मी रागावले नाही," ती म्हणाली. "ऊठ. जेवली आहेस का?"