एका वितीवरचं तळं

मी नकाशा बोलतोय. भिंतीवरचा. कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांड्या असलेला. घडी घालून खिशात कोंबतात ते माझे चुलतभाऊ. आणि फोनमधून 'डावीकडे वळा, उजवीकडे वळा' असे दिवसभर हुकूम सोडणारी ती बाई आमच्या नात्यातली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

जवळ येऊन पाहिलंत तर दिसेल, मध्यभागी मी पांढरा पडलोय. तिथे एक शहर होतं. तेच, ज्याच्यासाठी जगभरातून माणसं येतात. बोटांनी पुसून टाकलं. येईल तो पाहुणा त्यावर बोट टेकवतो आणि मोठा शोध लावल्यासारखा म्हणतो, "आपण इथे आहोत."

अहो, माहितीये! तुम्ही इथे आहात हे तुमच्या पायांनाही कळतंय. इथून जाणार कुठे, ते बोला!

मला राग लवकर येतो, हे मान्य आहे. पण तुम्हीच सांगा. माणसं एवढा प्रवास करून येतात, राजवाड्यापुढे अर्धा दिवस रांगेत उभी राहतात, पुढच्याच्या मानेचे फोटो काढतात आणि दमून परत येतात. इकडे माझ्या अंगावर गरम पाण्याचे झरे आहेत, द्राक्षांचे मळे आहेत, कुंभारांचं एक अख्खं गाव आहे. सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी. पण नाही! रांग बघितली की माणसाला बरं वाटतं.

तर माझा जन्म. छापखान्यात झाला. आधी निळी शाई आली, म्हणजे नद्या, तळी आणि समुद्र. मग हिरवी, मग काळी गावं, आणि शेवटी लाल रस्ते. लाल रंग चढेपर्यंत माझ्यातली सगळी गावं एकमेकांकडे नुसती बघत बसली होती. त्या यंत्रातून बाहेर पडतानाच मी ठरवलं, की आपल्याला बघून एक तरी माणूस उठून चालायला लागला पाहिजे. तरुण वयात असं काहीतरी ठरवायचंच असतं.

मला विकत घेतलं दोन बहिणींनी. नव्यानेच त्यांनी या शहरात पाहुण्यांसाठी घर उघडलं होतं. वर खोल्या, खाली जेवणघर, दाराशी छत्र्यांचं पिंप. दुकानातून घरापर्यंत त्यांनी मला एकेक टोक धरून आणलं, आणि पुढे कोणी चालायचं यावरून त्या सबंध रस्ताभर भांडल्या. थोरली जिंकली. धाकटीने मागून मला असं काही ढकललं, की थोरली घरात शिरली ती जवळजवळ धावतच.

पाहुण्यांना सहल ठरवून देण्याची थोरलीची एक रीत होती. अंगठा शहरावर टेकवायचा, हात पूर्ण ताणायचा आणि करंगळी जाईल तिथे ठेवायची. "वितीच्या आत असेल तर जा, रात्रीच्या जेवणाला परत याल. वितीच्या बाहेर असेल तर मुक्कामाचं सामान न्या." वाटेत चढाचा रस्ता असला, की ती अंगठा जरासा मागे घ्यायची. एवढंच गणित. पण ते कधी चुकलं नाही. तिने सांगितलेला पाहुणा जेवणाच्या वेळी हात धुऊन पानावर हजर!

चुकलं ते धाकटीचं. म्हणजे चुकलं तरी कसं म्हणू? तिने रीत तंतोतंत पाळली. फक्त तिची बोटं होती लांबसडक. एकदा थोरली बाजारात गेली असताना एका नव्या जोडप्याने विचारलं, "दीपगृह होईल का हो एका दिवसात?" धाकटीने अंगठा टेकवला, हात ताणला, करंगळी दीपगृहाच्याही पुढे समुद्रात गेली. "होईल की! आरामात होईल!"

परतीची शेवटची बस त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली. बिचाऱ्यांनी रात्र काढली मासे वाळवायच्या खोपटात. सकाळी परत आले तेव्हा गल्लीतली मांजरं त्यांच्या मागोमाग दारापर्यंत आली होती.

थोरली भडकली. "तुझी वीतच खोटी!"

"वीत खोटी कशी असेल? देवाने दिली तेवढी आहे!"

"मग नियम माझ्या हाताचा होता, तुझ्या नव्हे!"

"सगळं तुझ्याच हाताने मोजायचं तर मी इथे कशाला आहे, ताई?"

थोरलीने आवाज चढवला. उत्तर नसलं की माणसं आवाज चढवतात. मग जुनी भांडणं निघाली, अगदी फ्रॉकच्या वयातली. धाकटीने पिशवी भरली आणि ती निघाली. थोरलीने तिच्या पाठीमागे दार असं आपटलं, की माझा एक खिळा निसटला आणि आठवडाभर मी तिरका लटकत होतो. सगळे पाहुणे मान वाकडी करून सहली ठरवत होते.

वर्षं गेली. थोरलीचं लग्न झालं, मुलगी झाली, केस पिकले. पाहुणे तिला काकू म्हणायला लागले. नवरा शांत, दूध उतू गेलं तरी "जाऊ दे, उरलंय थोडं" म्हणणारा. लेक अगदी माझ्यासारखी, शिकलेली आणि उतावळी. कॉलेजातून आली की पाहुण्यांवर डाफरायची, "राजवाडा काय पळून जातोय का? झऱ्यांवर जा ना!" मला ती फार आवडते.

मात्र एक गोष्ट मीच बघत होतो. काकूंचा हात माझ्यावर चारी बाजूंना फिरायचा, सगळीकडे पूर्ण ताणलेला. पण वायव्येला एक तळं आहे, बदकांचं. कोणी त्या तळ्याचं विचारलं, की त्यांची बोटं एकदम अंग चोरायची. अंगठा शहरावर, करंगळी मात्र तळ्याच्या अलीकडे, कुठेतरी शेतात. "नाही हो. एका दिवसात होण्यासारखं नाही."

लेक लहानपणी विचारायची, "आई, मावशी कुठे असते?"

"लांब."

"म्हणजे किती लांब?"

"एका दिवसात होण्यासारखं नाही."

मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडलो असतो.

अलीकडे एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको मुक्कामाला आली. बाईंना बदकं बघायची होती. काकूंनी नेहमीसारखी आखूड वीत दाखवली. मास्तर आयुष्यभर मुलांना 'सांगितलं तेवढं करा' म्हणत आलेले, त्यामुळे आता स्वतः कुणाचंही ऐकत नव्हते. सकाळी दोघं गुपचूप निघाली, आणि दुपारच्या चहालाच दारात हजर.

"काकू, तळं बघून आलो! कसलं लांब आणि कसलं काय! मध्ये मी डुलकीसुद्धा काढली."

"घोरत होते," बाई म्हणाल्या.

काकूंनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"तिथे काठावर चहाचं दुकान आहे," बाई पुढे सांगू लागल्या. "चालवणारीने विचारलं, कुठे उतरलात? तुमच्या घराचं नाव सांगितलं तर हसायलाच लागली. म्हणाली, 'ती अजून दार आपटते का हो?'"

 मग काकू टेबल पुसत, पुसलेलंच टेबल पुसत, म्हणाल्या, "बरी आहे का ती?"

"बरी आहे. पण दुकान देऊन टाकतेय. मुलाकडे चाललीये कायमची, फार लांब. या रविवारी निघणार म्हणाली."

मुलाचं गाव त्यांनी सांगितलं. मी अंगभर शोधलं. नव्हतं. ते माझ्या कागदाच्या बाहेर होतं. मावशी माझ्या काठावरून खाली पडणार होती, आणि मी नुसता लटकलेला!

लेक उठून माझ्यापुढे आली. तिने पांढऱ्या ठिपक्यावर अंगठा ठेवला आणि हात ताणला. तिचा हात थेट आईवर गेलाय. करंगळी अलगद तळ्यात.

"आई, इकडे ये."

"मला कामं आहेत."

"आई, हात दे."

"अगं, हात ओला आहे माझा."

लेकीने त्यांचं मनगट धरलं, अंगठा शहरावर टेकवला आणि एकेक बोट सोडवत नेलं, लहान मुलाच्या मुठीतून गोटी काढावी तसं. करंगळी तळ्यावर जाऊन बसली. एक नख पलीकडेही गेलं.

"एवढी वर्षं?" लेक म्हणाली. "एवढी वर्षं ती एका वितीवर होती?"

काकूंनी हात काढला नाही. ओल्या बोटांचा डाग तळ्यावर पडला. तो अजून आहे.

"आता काय तोंड घेऊन जाऊ?"

"आहे तेच घेऊन जा. दुसरं कुठून आणणार?"

"आणि इथलं? चादरी, दूध, स्वयंपाक…"

"अगं, मी आहे ना," नवरा म्हणाला.

"तुम्ही आहात, तीच तर काळजी आहे!"

पण शनिवारी सकाळी त्या गेल्या. एकट्या. लेक सोबत निघाली होती, तर म्हणाल्या, "नको. मध्ये कोणी असलं की आम्ही नीट भांडत नाही." दार मात्र त्या उघडंच टाकून गेल्या.

तो दिवस मी भिंतीवर काढला. माझं आयुष्यच असं आहे, सगळे रस्ते अंगावर आणि जाणं कुठेच नाही. नवऱ्याने दूध उतू जाऊ दिलं, एका पाहुण्याला झऱ्यांऐवजी कुंभारांच्या गावी पाठवलं, आणि तो मडकं घेऊन खुशीत परत आला. संध्याकाळ झाली. जेवणाची पानं मांडली. शेवटच्या बसची वेळ टळली. दुसऱ्यांना कधी उशीर होऊ न देणारी बाई स्वतः आली नव्हती. लेक दाराशी उभी. उतावळ्या माणसाला वाट बघताना बघवत नाही. तळ्याकाठच्या दुकानात ती जुनी गोष्ट ऐकून आलेले मास्तर म्हणाले, "दीपगृहाच्या खोपटात नाही ना अडकल्या?" बाईंनी त्यांना चिमटा काढला.

रविवारी सकाळी गल्लीच्या टोकाशी आवाज आला. भांडणाचा. माझ्या अंगात जीव आला.

"बस तुझ्यामुळे चुकली!"

"मी म्हटलं होतं ऊठ! तूच म्हणालीस, आधी हे संपव!"

दोघी एका मोठ्या पेटीची एकेक कडी धरून येत होत्या. या खेपेला धाकटी पुढे होती. मुलाकडे जायची गाडी इथूनच सुटणार होती, पण रविवारऐवजी मंगळवारी निघते असं तिने मुलाला कळवून टाकलं होतं.

आत आल्या आल्या ती माझ्यापुढे थांबली. तिने हात ताणला. करंगळी पुन्हा समुद्रात.

"बघ, ताई. अजून तेवढीच आहे."

"खोटी ती खोटीच," काकू म्हणाल्या, आणि शेजारी स्वतःचा हात ठेवला. माझ्या अंगावर इतकी माणसं बोटं ठेवून गेली, पण एवढा भार कधी पडला नव्हता.

धाकटी शेवटी गेलीच. मुलगा, नातवंडं, तिची ती वाट होती. पण जायच्या आधी लेकीने हट्ट धरला, की मावशीचं नवं गावही भिंतीवर पाहिजे. कागद संपतो तिथून पुढे कुणाच्या वितीने मोजायचं यावर नवी लढाई जुंपली. नवरा म्हणाला, "लेकीची धरा. तिच्या वितीचं अजून कुणाशी भांडण नाही." लेक भिंतीवर हात टाकत टाकत गेली. कोट अडकवायच्या खुंट्या, घड्याळ, छत्र्यांचं पिंप, आणि गाव आलं नेमकं दाराच्या चौकटीवर. तिथे तिने पेन्सिलीने ठिपका केला.

आता माझे दिवस फार नाहीत. उन्हाने निळा रंग उडालाय, दांडीला वाळवी लागलीये आणि शहराच्या जागी लवकरच खरोखरचं भोक पडेल. पडू दे. पण ते दार आता आपटलं जात नाही. काकू बाहेर जाताना कडी हाताने धरून ते हळूच ओढून घेतात, कोणीतरी चौकटीशी झोपलंय अशा बेताने. मी खिळ्यावर जरासुद्धा हलत नाही.

तुम्ही आलात तर बोट ठेवा माझ्यावर, खुशाल ठेवा. फक्त 'आपण इथे आहोत' एवढं म्हणून थांबू नका. हात ताणा. ज्या बाजूला तो आपोआप आखूड होतो, तिथली सकाळची बस धरा. आणि परतीची चुकली, तर चुकू द्या.