पोट टेकवून पाहणारी

"लांडगा भुकत नाही, माय. पोट भुईले लावते अन् नुसता पायते." पंचफुलाचा बाप पुंजाजी हे बोलला तेव्हा ती परकरातली पोर होती. बाप गेला, मोताळ्याकडच्या माळावरचे लांडगे विरळ झाले, पण तो आवाज तिच्या कानात तसाच राहिला.

आता बकऱ्या तिच्या होत्या आणि डोळ्यांत धुकं उतरलं होतं. हातावरचं दिसे, पलीकडं सगळं दुधाळ. बकऱ्या ती घंट्यांवर वळायची. ढवळी बकरीची जाड, करडांची किणकिण. मुलाला, प्रसेनजितला, तिनं हे कळू दिलं नव्हतं. कळतं तर त्यानं बकऱ्या विकून तिला पुण्याच्या फ्लॅटात नेऊन बसवलं असतं.

या खेपेला तो कुत्री घेऊन आला. काळीपांढरी, झुबकेदार शेपटीची.

"बॉर्डर कॉली म्हणतात. तिकडं परदेशात मेंढ्या वळते ही जात. मालक कंटाळला, माय. दाराची कडी काढते, सोसायटीतली पोरं घेरून जिन्याखाली कोंबते."

"काम नसन तिले."

"फ्लॅटात कायचं काम?"

"अन् इथं मी काय देऊ? माही भाकर थापाले लावू?"

गावच्या रीतीनं कुत्रीला दिवसा साखळीला बांधलं. राखणीची कुत्री रातीच सोडायची. खुंट्याभोवती फिरफिरून तिनं अंगणात गोल वाट पाडली.

एका सकाळी पंचफुला पडीक रानात होती. शेजारच्या कपाशीच्या बांधावरून दयारामची हाक आली, "पंचफुलाबाई, बकऱ्या माह्या पऱ्हाटीकडं चालल्या हो. आताच फवारलं मी. तोंड लावलं तं मरतीन."

घंट्या चहूकडं पांगल्या होत्या. कोणती कुठं, कळेना. तेवढ्यात उजव्या अंगाला, अगदी हातभरावर, काहीतरी काळं सरकलं. पोट भुईला लावलेलं. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही, नुसतं बकऱ्यांकडं पाहणं.

तिनं काठी भिरकावली. ते काळं काठी चुकवून वाऱ्यासारखं सुटलं.

आता बकरी किंचाळणार, म्हणून ती श्वास धरून उभी राहिली. कुणी किंचाळलं नाही. उजवीकडच्या घंट्या वळल्या, मग डावीकडच्या, आणि सगळी किणकिण एका गाठीत बांधल्यासारखी तिच्याकडं येऊ लागली. बकऱ्यांची ऊन अंगं तिच्या गुडघ्यांना येऊन दाटली. मागं कुणीतरी धापा टाकत बसलं.

पंचफुला हातानं चाचपत एकेक घंटा मोजू लागली.

"एकही गेली नाही आत," दयाराम बांधावरून बोलला. "माणसाले जमत नाही बाई असं."

प्रसेनजित धावत आला, रिकामा पट्टा हातात घेऊन. "मान सोडवून पळाली. अन् माय, तू तिले काठी काऊन मारली?"

"लांडगा वाटला मले."

"काळापांढरा लांडगा?" दयाराम हसला.

प्रसेनजित हसला नाही. काही पावलांवर उभा राहून तो तिच्या डोळ्यांकडं पाहू लागला. पंचफुलानं ढवळीच्या पाठीवर हात टेकला.

"दिसत नाही मले, बापू," ती म्हणाली. "लय दिवस झाले. तू बकऱ्या इकशीन म्हणून बोलली नाही. आता तू समोर उभा हायेस नं, तुहं तोंडही नाही दिसत."