सकाळीच केलेली सही

मी बोलतोय. घाबरू नका, सही मागायला आलेलो नाही. आज तुम्ही फक्त ऐकायचं आहे.

मी एक फॉर्म. नदीच्या जोरदार पाण्यातून रबरी बोटीने जायची हौस असलेल्यांनी बोटीत बसण्याआधी मला भरून द्यायचं असतं. माझ्या अंगावर एकवीस कलमं आहेत आणि सगळ्यांचा अर्थ एकच, तुम्हाला काही झालं तर आमचा संबंध नाही. मला म्हणे घाईघाईत दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीच्या फॉर्मवरून उतरवून घेतलं. त्यामुळे आठव्या कलमात घोड्यावरून पडण्याचा उल्लेख आहे. आमच्याकडे घोडा नाही. सात वर्षांत ही गोष्ट कोणाच्याही लक्षात आली नव्हती, यावरून आम्हाला कितीजण वाचतात ते ओळखा.

माझा जन्म झेरॉक्सच्या दुकानातला. यंत्रातून गरम गरम बाहेर पडलो, तेवढीच काय ती ऊब. मग नदीकाठच्या ऑफिसात, ओलसर टेबलावर, दगडाखाली. कोणी आम्हाला मांडीवर ठेवून सही करतो, कोणी पुढच्याच्या पाठीवर. नवरा बायकोचीही सही ठोकून देतो. दम्याचा त्रास आहे का, या प्रश्नापुढे खिशात पंप असलेला माणूससुद्धा ‘नाही’ लिहितो. बघून बघून कंटाळा आला हो.

माझ्या तळाशी एक ओळ आहे. ‘सुरक्षेच्या सर्व सूचना मी स्वतः समजावून सांगितल्या आहेत.’ त्याखाली सही मास्तरांची. मास्तर म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने बोटवाले. दिवसभर त्यांचे हात ओले, ओल्या हाताने सही केली की शाई पसरते, म्हणून ते सकाळीच चहा घेता घेता दिवसभराच्या सगळ्या फॉर्मवर सह्या करून ठेवत. त्यात लबाडी नव्हती. सही आधी आणि सूचना नंतर, एवढंच. आणि सूचना त्यांनी कधी चुकवल्या नाहीत. प्रत्येकाकडून वदवून घेत, मगच बोट हलायची.

त्या दिवशी बत्तीस फॉर्मवर सह्या झाल्या, त्यात मी एकोणिसावा. शेवटची सही होते न होते तोच मास्तरांना घरून फोन आला. आई न्हाणीघरात पडली होती. मास्तर गळ्यातल्या शिट्टीसकट धावत सुटले. मालकांनी त्यांच्या जागी आपल्या मेव्हण्यांना उभं केलं. मेव्हण्यांना बोट चालवता येत होती, नाही असं नाही. बोलायचा मात्र त्यांना आळस.

मी आलो एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या हातात. थोरल्या बहिणीने आग्रह करकरून त्यांना आणलं होतं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मला पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. मला भरून आलं. आठव्या कलमाशी थांबून त्यांनी विचारलं, “इथे घोडे पण आहेत का?” रांगेत हशा पिकला. मेव्हणे म्हणाले, ताई, सही करा, सगळेच करतात. बाई ओशाळल्या आणि त्यांनी सही केली.

पुढचं मला नंतर ऑफिसातल्या बोलण्यावरून कळलं. बोट खडकावर आदळली आणि बाई पाण्यात पडल्या. पाणी कमरेइतकंच होतं. कोणीही राहील तशा त्या उभ्या राहिल्या. पाय दोन दगडांत अडकला, वरून पाण्याचा लोंढा. बाहेर काढलं तेव्हा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला होता. शिलाई मशीन त्या त्याच पायाने चालवायच्या.

दीड महिन्याने बाई कुबडी घेऊन ऑफिसात आल्या, सोबत त्यांचे यजमान. उपचाराचं तुम्ही बघा, असं म्हणायला आले होते. मालकांनी कपाटातून मला काढलं आणि मास्तरांच्या सहीवर बोट ठेवलं. सूचना दिल्या होत्या, यांनीच ऐकल्या नाहीत, असं म्हणून त्यांनी हात झटकले. यजमान लगेच बायकोकडे वळून म्हणाले, “मी म्हणतच होतो, तुझं लक्ष नसणार.”

बाईंनी वाकून माझ्या तळाची ती सही बघितली. मग हळूच म्हणाल्या, “सांगितलं असेल. मलाच आठवत नसेल.”

शंभर गिऱ्हाइकांची मापं तोंडपाठ असणारी बाई ती. माझ्यामुळे तिचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडाला. लाज वाटली मला.

खात्री पटावी म्हणून मालकांनी मास्तरांना आत बोलावलं. सही तुमचीच ना, एवढंच सांगायचं होतं. मास्तरांनी मला खिडकीपाशी नेऊन तारीख बघितली. आई पडली तो दिवस ते कसे विसरतील?

“सही माझीच,” ते म्हणाले. “पण मी त्या दिवशी इथे नव्हतो. सकाळीच करून ठेवली होती.”

मालकांनी डोळे वटारले. मास्तरांनी तिकडे पाहिलंच नाही. ते बाईंच्या समोरच्या खुर्चीवर बसले आणि नेहमीच्या आवाजात सांगू लागले, “पाण्यात पडलात तर उभं राहायचं नाही. पाठीवर तरंगायचं, पाय वर, बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत.”

बाईंनी शब्दन् शब्द ऐकला. “हे मला कोणी सांगितलं असतं,” त्या म्हणाल्या, “तर मी विसरले नसते.”

“माहीत आहे,” मास्तर म्हणाले. मग त्यांनी पेन मागून घेतलं आणि आपल्या सहीशेजारी लिहिलं, सूचना दिल्या नाहीत.

त्यानंतर उपचाराचं कंपनीने बघितलं, बघावंच लागलं. बाई आता डाव्या पायाने मशीन चालवायला शिकताहेत म्हणे. मास्तर घरी बसले. मी एका प्लॅस्टिकच्या पाकिटात, फाईलमध्ये, अंगावर एक खरी ओळ घेऊन पडलोय. दमलोय.

तुम्ही कधी आमच्याकडे आलात तर सगळं वाचा असं मी म्हणत नाही, तेवढी आशा उरलेली नाही. तळाची सही तेवढी बघा. तुम्हाला कोणी काही सांगण्याआधीच ती तिथे असेल, तर बोटीत बसू नका, आधी विचारा. आता नवे मास्तर आले आहेत. सह्या तेही सकाळीच करून ठेवतात. त्यांचेही हात दिवसभर ओले असतात.