दिवे हिरवे, पण नमस्कार नाही

मित्रांनो, नाहूरच्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात, दारामागच्या फळीवर अकरा वर्षं बसलेला जुना राउटर म्हणजे मी. इथे काढलेला ईसीजी मालाडच्या डॉक्टरांकडे पोहोचवायचा, हे माझं काम. तिकडे माझा शेजारी राउटर बसतो. दर दहा सेकंदांनी आम्ही एकमेकांना नमस्कार घालतो. कीर्तनात बुवांनी चरण सोडावा आणि टाळकऱ्यांनी तो झेलावा, तसंच. चाळीस सेकंद नमस्कार आला नाही, तर शेजारी गेला असं धरायचं.

दसऱ्याला शिपाई गुणाजीमामांनी मला पुसलं, हळदकुंकू वाहिलं. इतकं कौतुक माझं कधी झालं नव्हतं! पण पुसताना काढलेली मालाडची वायर त्यांनी शेजारच्या भोकात खोचली. दिवे हिरवे राहिले, नमस्कार मात्र थांबला. मी हाका मारत राहिलो. चाळीस सेकंद गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांताबाई छाती धरून आल्या. ईसीजी काही जाईना. नर्स माधुरीने दुरुस्तीवाल्या सिद्धेशला बोलावलं.

"दिवे तर लागलेत गं," तो म्हणाला. मालाडला फोन केला, तिकडेही सगळं ठीक. "मग बोलत का नाहीत हे दोघं? म्हाताऱ्याची वाट लागली. नवा बसवू, दोन तास लागतील."

"दोन तास? अरे, बाईंकडे बघ ना जरा!"

शांताबाईंचा घरघरणारा श्वास मला ऐकू येत होता. काय बिघडलंय ते मला ठाऊक, पण मला वाचा कुठे? गुणाजीमामांना वाचा होती. नोकरी जाईल या धास्तीने तेही दाराशी गप्प उभे होते. मग बाईंचे डोळे मिटायला लागले, आणि मामांना राहवलं नाही.

"साहेबा, काल पूजेक वायर मियाच काढललंय. परत खंय लावलंय, ता आठवत नाय."

"मामा, हे आधी सांगायचं ना!" सिद्धेशने वायर जागेवर लावली. काही सेकंदांत मालाडचा नमस्कार आला. ईसीजी गेला आणि डॉक्टरांचा फोन खणखणला, "आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात हलवा!"

मित्रांनो, आम्हाला पुसा, जपा. पण हातून काही हललं, तर लगेच सांगा. तुम्ही गप्प बसलात, तर आमच्यातर्फे कोण बोलणार?

बाईंना घेऊन गाडी गेल्यावर मामा फोनपाशी डोळे मिटून, हात जोडून बसले. तासाभराने घंटी वाजली. त्यांचा हात पुढे होईना. शेवटी माधुरीनेच फोन उचलला, ऐकलं, आणि म्हणाली, "मामा, डोळे उघडा. बाईंनी उघडलेत."